रात्रभर निंबूसत

वाफेच्या नळीचं तोंड माझ्याच पोटाकडे आहे, हे मला नॉब फिरवल्यावर कळलं. वाफ आली असती तर मला तिथून पेशंट म्हणून उचलून न्यावं लागलं असतं. पण वाफ आलीच नाही. मशीन दोनदा खोकली आणि कोमट, राखाडी पाणी माझ्या शर्टावर ओकली. बरोबर कंपनीच्या बिल्ल्यावर.

"पुसाले फडकं देऊ का?" दुर्गेभाऊंनी विचारलं.

"राहू द्या भाऊ. टेस्टिंग असंच असते."

सत्तावीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य मी इतक्यांदा वापरलं आहे की आता मलाही ते खरं वाटतं.

चंद्रपुरात माझं सर्व्हिस सेंटर आहे. एका कंपनीचे गिझर, मिक्सर, वॉटर फिल्टर दुरुस्त करणं हे काम. मधे कंपनीनं घरगुती एस्प्रेसो मशीन काढली. आमच्या भागात ती कोण घेणार, म्हणून तिचा ट्रेनिंगचा व्हिडिओ मी कूलरच्या सीझनमध्ये, जेवता जेवता पाहिला. अर्धा. उरलेला अर्धा भाजीला फोडणी कमी पडली यावर बायकोशी वाद घालण्यात गेला. आणि नेमकी सात महिन्यांपूर्वी दुर्गेभाऊंच्या घरी ती मशीन आली. डेमो द्यायला मीच गेलो होतो.

दुर्गेभाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून ओव्हरमन म्हणून रिटायर झाले. ओव्हरमन म्हणजे शिफ्टमधली माणसं आणि डोक्यावरचं छत, दोन्हींची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी प्रणाली पुण्यात नोकरीला. मशीन तिनंच ऑनलाइन पाठवली होती. तसलीच एक तिच्याकडेही होती. दर रविवारी सकाळी आठला ती तिकडे एक कप काढायची, हे इकडे एक कप काढायचे आणि व्हिडिओ कॉलवर दोघं प्यायचे.

"चांगलं आहे भाऊ," मी म्हणालो. "बापलेकीच्या गप्पा होतात."

"गप्पा कायच्या! आज फेस किती आला, एवढंच. दुसरं बोलाले आमच्याजवळ काही उरलं नाई." नळीकडे पाहत ते पुढे बोलले, "तिची माय गेल्यावर दीड वरीस फोन नव्हता. हे मशीन आल्यावर सुरू झाला. आता मशीन चार हप्त्यांपासून बंद. मी पुडीची कॉफी घोटून दाखवून राह्यलो तिले. कप दुरूनच धरतो. शनिवारी येऊन राह्यली ती. तवापर्यंत चालू पाहिजे, विलासभाऊ."

तो गुरुवार होता.

"होते ना भाऊ. आपल्या इकडचं पाणी तुम्हाले माहीत आहे. आत खार जमला असंल," मी म्हणालो.

आमच्याकडचं बोअरचं पाणी असं आहे की गिझरचा रॉड वर्षभरात बर्फी लावल्यासारखा पांढरा होतो. त्या खपल्या काढायला आम्ही निंबूसत वापरतो. किराण्यात मिळणारं, साखरेसारखं दिसणारं आंबट. रॉड काढायचा, निंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवायचा, सकाळी नवा. खार काढण्याच्या या कामाला कंपनी डिस्केलिंग म्हणते. मला तर हे डोळे झाकून करता येतं, आणि बहुतेक मी तसंच करतो.

"निंबूसत आहे का घरात? पाव चमचाभर?"

दुर्गेभाऊ आत गेले आणि अख्खी एक किलोची थैली घेऊन आले. निम्मी संपलेली.

"एवढं?"

"लागते ना. दर महिन्याले रात्रभर ठेवतो टाकीत. मशीन चालू करून आत घेतो, मंग बंद करून ठेवतो. सकाळी धुतो. तरी कमी पडते का म्हून दोन महिन्यांपासून पंधरा दिवसाले करून राह्यलो."

इथे मला पहिल्यांदा त्या पाण्याचा रंग खटकला. खार पांढरा असतो. माझ्या शर्टावरचं पाणी राखाडी होतं.

मी मशीनची पाठ उघडली. आत थर्मोब्लॉक असतो. ॲल्युमिनियमचा तळहाताएवढा ठोकळा, त्यात पाण्यासाठी नागमोडी वाट. गिझरसारखी टाकी नसते. पाणी त्या वाटेनं जाता जाताच तापतं आणि बारीक दळून दाबलेल्या कॉफीतून जोरानं ढकललं जातं. ठोकळ्याचे स्क्रू काढले आणि आतली वाट पाहिली. वाट कसली, वाळवीनं खाल्लेलं लाकूड. कडेला आरपार भोक. बोट फिरवलं तर राखाडी पीठ बोटाला आलं. निंबूसतानं खार तर खाल्लाच, पण खार संपल्यावर ते थांबलं नव्हतं. तांब्याचा रॉड रात्रभर सोसतो. ॲल्युमिनियम नाही सोसत.

"भाऊ," माझा आवाज एकदम वर गेला, "रात्रभर ठेवाले कोणी सांगतलं तुम्हाले?"

दुर्गेभाऊ वळले. कपाटावरून एक लांब वही काढून माझ्यासमोर ठेवली. खाणीत दर शिफ्टला तपासणीची वही लिहावी लागते. काय तपासलं, काय केलं, सूचना कोणाची, सही. तशाच रेघा आखून त्यांनी मशीनची वही केली होती. रोज: चाळणी धुतली, नळी पुसली, ट्रे उपसला. महिन्याला: टाकीत निंबूसत, रात्रभर. आणि त्यासमोर, 'सूचना कोणाची' या रकान्यात सुवाच्य अक्षरात: 'विलासभाऊ, कंपनी मेकॅनिक.'

दर महिन्याला. नंतर दर पंधरा दिवसाला. माझं नाव इतक्यांदा माझ्या लग्नपत्रिकेतही छापलं नव्हतं.

मग आठवलं. डेमोच्या दिवशी मी बाहेर गाडीवर बसलो होतो, किक मारता मारता म्हणालो होतो, "गिझरसारखंच आहे भाऊ. महिन्यातून एकदा निंबूसत टाकून रात्रभर ठेवा, टेन्शन नाही." दुसऱ्या कॉलवर जायची घाई होती. किती टाकायचं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी हिशेबानं, म्हणजे भरपूर टाकलं.

वहीच्या खाली मशीनसोबत आलेलं पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. सहाव्या पानावर चित्र होतं. घड्याळाचं, त्यावर अर्धा तास रंगवलेला आणि त्यापुढच्या भागावर मोठी फुली. ते वाचायला इंग्रजी येण्याचीही गरज नव्हती.

"हे पुस्तक पाह्यलं नाई का?"

"पाह्यलं. पण पुस्तक वेगळं सांगते अन् मेकॅनिक वेगळं सांगते, तं मेकॅनिकचं ऐका लागते. खाणीत तसंच असते."

तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. मी फोन काढून अंगणात गेलो. आमचे एरिया सर्व्हिस मॅनेजर नागपूरला बसतात.

"सर, कॉफी मशीनचा थर्मोब्लॉक पाहिजे. शनिवारच्या आत."

"स्पेअरमध्ये येतच नाही तो. पूर्ण युनिट बदलावं लागतं."

"वॉरंटीत आहे सर. बदलून द्या."

"फोटो टाका."

फोटो टाकला. मिनिटभरात त्यांचा फोन.

"ओ विलासजी, हे तर ॲसिडनं खाल्लंय. कस्टमर मिसयूज टाका आणि जॉब क्लोज करा."

"सर, कस्टमरची चूक नाही म्हणजे…"

"मग कोणाची आहे?"

लिंबाच्या झाडाखाली उभा राहून मी या प्रश्नावर बराच विचार केला. बराच म्हणजे चार सेकंद.

"क्लोज करतो सर," मी म्हणालो.

आमच्या ॲपमध्ये बिघाडाच्या कारणांची यादी असते. व्होल्टेज, उंदीर, वाहतुकीत आपटली, कस्टमर मिसयूज. मेकॅनिकनं चुकीचं सांगितलं, असा पर्याय त्यात नाही. मी हे स्वतःच्या बचावासाठी सांगतो आहे, हे मलाही कळतं. मिसयूजवर बोट ठेवलं आणि आत येऊन फोन दुर्गेभाऊंपुढे धरला.

"बोटानं सही करा इथं."

"काय लिवलं हाय?"

"काही नाही. फॉर्मॅलिटी."

चष्मा शोधायलाही न जाता त्यांनी सही केली. जन्मभर सहीच्या आधी दोनदा वाचणाऱ्या माणसानं.

मशीन नव्या ठोकळ्याशिवाय चालणार नाही, तो मिळतो का बघतो, असं सांगून मी निघालो. ती उघडीच ओट्यावर राहिली. एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. मशीन प्रणालीनं घेतलेली, त्यामुळे रजिस्टर नंबर तिचा. जॉब क्लोज झाल्याचा मेसेज, कारणासकट, तिच्या फोनवर गेला.

शुक्रवारी दुपारी तिचा मला फोन आला. "काका, मिसयूज म्हणजे नेमकं काय केलं बाबांनी?"

"अं… निंबूसत जास्त वेळ राहिलं आतमध्ये."

"त्यांना कोणी सांगितलं तसं करायला?"

मी म्हणालो, आवाज तुटतोय, ऐकू येत नाही. तिचा आवाज पुण्याहून घंटेसारखा स्वच्छ येत होता.

शनिवारी ती आली. रविवारचा दिवस मी कुठे जुना ब्लॉक मिळतो का, म्हणून नागपूरच्या ओळखीच्या लोकांना फोन करण्यात घालवला. कोणाकडे नव्हता. सोमवारी सकाळी मशीनची उघडी पाठ निदान लावून देऊ म्हणून गेलो. घरात दुर्गेभाऊ एकटेच.

"प्रणाली कुठी गेली भाऊ?"

"गेली पुण्याले. काल. तिकीट मंगळवारचं होतं."

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मशीनवरून सुरू झालं अन् तिच्या मायवर गेलं," ते सांगू लागले. "तिच्या मायले ताप होता तवा प्रणाली म्हणे, नागपूरले न्या. मी म्हटलं, इथीच बरी होते. माह्या मनानं केलं. नाई झाली बरी. परवा पोरगी म्हणे, बाबा, तुम्ही आतापण तेच केलं. कोणाले विचारत नाई, कोणाचं ऐकत नाई. मशीन काय अन् माणूस काय."

मी एक स्क्रू लावला. दुसरा हातातून सुटून ओट्याखाली गेला.

"तवापासून मी सगळं विचारूनच करतो विलासभाऊ. गोळीबी डॉक्टरले विचारून, अन् लिवून ठेवतो. वही म्हूनच सुरू केली."

"मग तिले दाखवली काऊन नाही वही?"

"तुमचं नाव हाय त्यात. तिनं कंपनीले लिवलं असतं. लेकरंबाळं हायेत तुमचे. एजन्सी गेली असती तं?" ते वाकले, ओट्याखालचा स्क्रू शोधून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "अन् मशीन तं काही केल्या सुरू होणार नव्हतंच."

मी स्क्रू कसत राहिलो. पाठीला आठ स्क्रू असतात. मी ते गरजेपेक्षा फार घट्ट केले. चाळणी धुतली, नळी पुसली, ट्रे उपसला. त्या मेलेल्या मशीनची केली तितकी नीट साफसफाई मी जिवंत मशीनची कधी केलेली नाही. मग निघालो.

घरी न जाता सेंटरवर गेलो. प्रणालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. किक मारता मारता काय बोललो होतो ते, वही, सही. 

"काका," शेवटी तिनं विचारलं, "शुक्रवारी का नाही सांगितलं?"

या वेळी आवाज तुटतोय म्हणालो नाही.  तिनं फोन ठेवला. मॅनेजरला मेल लिहिली: चूक माझी, कारण बदला. उत्तर आलं की क्लोज झालेल्या जॉबचं कारण बदलता येत नाही. कॉफी मशीनची कामं मात्र माझ्याकडून काढून घेतली आहेत. ते बरोबरच केलं.

या गोष्टीला आता पाच रविवार झाले. आमच्या कॉलनीतला फिल्टरवाला दुर्गेभाऊंच्या घरी जातो, त्याला मी विचारतो. मुलीचा फोन येतो म्हणे. जेवले का, गोळ्या घेतल्या का, इतकंच. आठची वेळही राहिलेली नाही. कधी येतो, कधी नाही. मशीन ओट्यावर कापडानं झाकलेली आहे.

कोणाच्या घरी ही मशीन असेल तर सांगतो. डिस्केलिंगला अर्धा तास. त्यानंतर दोन टाक्या साधं पाणी काढून टाका. आणि मेकॅनिक गाडीवर बसून काही सांगत असेल तर त्याला खाली उतरवा, पुस्तक त्याच्या हातात द्या, पान दाखवायला लावा.

हे मी त्या सोमवारी घरी आल्यावर कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. पुण्याला फोन केला, नागपूरला मेल केली, काही लपवलं नाही, असं मी जरा ताठ मानेनंच म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं.

"अन् दुर्गेभाऊले? त्यायले म्हटलं, माही चूक झाली म्हून?"

"त्यांना माहीतच आहे की."

"मी तेच विचारून राह्यली का? म्हटलं का?"

मी खाली ठेवलेल्या सुपातले खडे शोधू लागलो.

"म्हंजे ज्याच्या समोर उभं राहा लागते," ती म्हणाली, "तोच राह्यला."