मावशीची उकळलेली पुडी

मावशीने कपात उकळतं पाणी ओतलं, पुडी फाडून पावडर टाकली आणि वर बशी झाकली.

"अगं, त्यावर कोमट पाणी लिहिलंय," तिचा नवरा, म्हणजे आमचे काका म्हणाले.

"वाचलंय मी. कोमट पाण्यात जंतू मरत नाहीत."

"मरायचे नाहीतच ते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, जिवंत पोटात गेले पाहिजेत."

"जिवंत? मग मला पगार कशाचा देतात?"

काकांनी रिकामी पुडी उलटून पुन्हा वाचली. त्यांना तरी कुठं नीट कळलं होतं!

मावशी दवाखान्यातल्या वाफेच्या खोलीत असते. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं, सगळं जंतू मारायला तिच्या यंत्रातून जातं. यंत्र म्हातारं, दार रुसकं. कोपराने ढकलल्याशिवाय बसत नाही, आणि तेही मावशीच्याच. जंतू म्हटला की मारायचा, एवढंच तिला माहीत. घरी कुणी शिंकलं तरी अशी बघते, की वाटतं आता आपल्यालाही यंत्रात घालणार. हसायचं त्यांनी हसावं, पण तिच्या हातची कात्री लागून टाका पिकला, असं कुणी म्हणून तर दाखवावं!

झालं काय, तर मावशीची दाढ सुजली. डॉक्टरीणबाईंनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. दाढ बसली, पण पोट सुटलं. हेड सिस्टर म्हणाल्या, "जुलाब थांबेपर्यंत स्वच्छ सामानाला हात लावायचा नाही. फार लांबलं तर तुम्हाला धुलाईत टाकून यंत्र दुसरीला द्यावं लागेल."

मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं. परत डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर त्यांनी या पुड्या दिल्या. म्हणे गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेलेत, ते परत भरायचे.

"चांगला जंतू म्हणे! उद्या म्हणतील चांगला चोर."

तरी यंत्र हातचं जाऊ नये म्हणून एकदा तिने पुडी कोमट पाण्यात कालवली, कप ओठापर्यंत नेला. पण जिवंत जंतू गिळवेना. सगळं मोरीत ओतलं आणि वर मोरी फिनेलने धुतली. बाकीच्या सगळ्या पुड्या उकळत्या पाण्यातूनच घेतल्या.

गोळ्या संपल्या, पुढे पुड्याही संपल्या, आणि पोट थांबलं. मावशी परत यंत्रापाशी. दाराला कोपर मारलं, दार मुकाट बसलं.

"बघा, उकळून घेतल्या म्हणून गुण आला," ती घरी म्हणाली. काका डोकं खाजवत राहिले.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टरीणबाई खोलीच्या दारात दिसल्या, तेव्हा मावशीने ठसक्यात सगळं सांगितलं. बाई आधी पोट धरून हसल्या.

"अहो मावशी, उकळत्या पाण्यात त्यातलं फारसं काही जिवंत राहिलंच नसणार."

"मग मी बरी कशी झाले?"

"गोळ्या बंद झाल्या की बऱ्याच जणांचं पोट आपोआप ताळ्यावर येतं. पुडीने कुणाला लवकर बरं वाटतं, कुणाला काहीच फरक पडत नाही. तुमचं नेमकं कशाने थांबलं, ते मलाही नाही सांगता येणार."