वेलिचकाच्या नावावरच्या बारा रायफली

ओरेशेवो गावात बंदूक बिघडली की माणसं वेलिचकाकडेच यायची. बापाच्या मागं बंदूक दुरुस्तीचं दुकान तिनं चालवायला घेतलं तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती, पण एका हिवाळ्यातच ती नाकं सरळ झाली. नळीत नुसतं डोकावून ती सांगायची, "वर्षातून एकदा तरी तेल पाजत जा रे हिला. स्वतः रोज पितोस ना?" साठीला टेकलेली बाई, सगळे तिला ताई म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

त्या वर्षी गावच्या शिकारी मंडळानं बारा रायफली एकगठ्ठा घ्यायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष स्पास. वेलिचकाचं लाझारशी लग्न लागलं तेव्हा चर्चमध्ये दोघांच्या डोक्यांवर मुकुट धरून उभा राहिलेला हाच स्पास. अशा माणसाला इकडे कूम म्हणतात, आणि तो सख्ख्या भावाच्या वर. लाझार गेला त्या हिवाळ्यात तिच्या सरपणाचा ढीग स्पासनंच फोडून रचून दिला होता.

"वेलिचके, तीन कारखान्यांच्या रायफली नमुन्याला मागवल्यात," तो म्हणाला. "कुठली घ्यायची ते तू सांग. तू लिहून दिलंस की कुणाची जीभ वळवळणार नाही."

वेलिचकानं अख्खा शरद ऋतू त्यात घातला. क्रामोल्द, होरिन आणि तेस्पारो. तिन्हींतून तिनं शेकड्यांनी गोळ्या झाडल्या. रायफली चिखलात लोळवल्या, दवात ठेवल्या, पहाटे गोठलेल्या हातांनी उघडून पाहिल्या. क्रामोल्दचा नेम असा की पाचही भोकं एका नाण्याखाली झाकावीत. पण किंमत चार हजार लेव्हा, गावातला कोण घेणार? तेस्पारो सगळ्यांत स्वस्त, हजाराच्या थोडी वर, आणि दिसायला नवरीसारखी. होरिन अठराशेची, दस्ता ओबडधोबड, पण काम चोख.

मग तिनं एक गोष्ट केली जी दुसऱ्या कुणाला सुचली नसती. तिन्ही कारखान्यांना पत्र लिहून एकच सुटा भाग मागवला: झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारी बारकी पोलादी आकडी. होरिनची नवव्या दिवशी आली. क्रामोल्दची तीन आठवड्यांनी आली, सोबत माफीचं पत्र. तेस्पारोकडून दीड महिन्यानं पाकीट आलं, त्यात भलत्याच रायफलीची आकडी. आणि तेस्पारोची मूळ आकडी तर चारशेव्या गोळीलाच चिरली होती.

अहवाल तीन पानांचा झाला. ग्रंथालयातल्या मुलीनं टाइप करून दिला. पहिल्या पानावर चाचण्या कशा घेतल्या ते, मधल्या पानावर तुलना आणि निकाल: होरिन घ्या, तेस्पारोला हात लावू नका. शेवटच्या पानावर रायफलीची निगा कशी राखावी ते, आणि खाली सही. तो स्पासच्या हातात देऊन ती प्लोव्हदिवला गेली, कारण बहिणीचं ऑपरेशन होतं. तिकडे दोन महिने मोडले.

परतली त्याच आठवड्यात नायडेन दुकानात आला. हाडापेरानं दांडगा शिकारी, पण चेहरा उतरलेला. त्यानं काउंटरवर नवीकोरी तेस्पारो आडवी ठेवली.

"आकडी तुटली, ताई. जखमी डुक्कर अंगावर आलं आणि काडतूस आत अडकलेलं. झाडावर चढलो म्हणून हा पाय शिल्लक आहे."

"ही कुठून घेतलीस तू?"

"कुठून म्हणजे? मंडळानंच घेतल्या. तुम्हीच सांगितलंत ना?" त्यानं खिशातून घडी घातलेले कागद काढले. "सगळ्यांना वाटलेत."

पहिलं पान तिचं होतं. शेवटचं पान तिचं होतं, सहीसकट. मधल्या पानावर लिहिलं होतं की किंमत आणि दर्जा पाहता तेस्पारोच उत्तम, सुटे भागही सहज मिळतात.

वेलिचका खुर्चीवर बसली. नायडेन पाणी आणायला धावला. तो पेला घेऊन येईपर्यंत ती कागद उचलून स्पासच्या घराकडे निघाली होती.

स्पास अंगणात सॉसेजच्या माळा सुकायला टांगत होता. तिला पाहून हसला. "आलीस? बहीण कशी आहे?"

"मधलं पान कुणी लिहिलं, स्पास?"

तो नाही म्हणेल, शपथा घेईल, असं तिला वाटलं होतं. त्यानं शांतपणे हात पुसले.

"जावयाला तेस्पारोची एजन्सी मिळत होती. बारा रायफलींची ऑर्डर दाखव म्हणाले. नाहीतर संसार मोडून माझी पोरगी घरी परत आली असती, वेलिचके. मी काय करायचं होतं?"

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नावाशिवाय कुणी घेतल्याच नसत्या." हे त्यानं असं म्हटलं जणू तिचं कौतुकच करतोय. "आणि तुझंही भलंच झालं की. भाग बाहेरून येणार नाहीत, म्हणजे सगळे दुरुस्तीला तुझ्याकडेच येणार."

तेवढ्यात तिची नजर ओसरीकडे गेली. खुंटीला रायफल लटकत होती. ओबडधोबड दस्ता तिनं लांबूनच ओळखला. होरिन.

"ही तुझी?"

स्पासनं मान वळवली. "तुझा शब्द मी मानतोच गं," तो हळूच म्हणाला.

ती फाटकाबाहेर पडली. रस्त्यात कुणीतरी हाक मारली, तिला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला बसली. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद कापून, तासून, पाणी देऊन तिनं बाराही रायफलींना नव्या आकड्या घडवल्या. कुणाचा जीव जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. मजुरी घेतली नाही. प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं, आणि प्रत्येकजण "काय सांगता, ताई!" म्हणून चुकचुकला.

वसंतात मंडळाची सभा भरली. वेलिचका चाचण्यांची वही आणि कारखान्यांची पाकिटं घेऊन उभी राहिली. तारखांसकट सगळं वाचून दाखवलं. स्पासनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग मायेनं म्हणाला, "बिचारीला तेव्हा बहिणीची काळजी होती. काय लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं, माणसाला आठवत नाही अशा वेळी."

सभा खाली बघत राहिली. मग मतदान झालं: स्पासच अध्यक्ष राहावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत. एकेक हात वर गेला. तिसऱ्या रांगेत नायडेनचाही.

बाहेर पायरीवर त्यानं तिला गाठलं. "ताई, रागावू नका. हाकारा घालताना कुणी कुठं उभं राहायचं ते तोच ठरवतो. मला दरीकडे टाकलं तर वर्षभर एक डुक्कर दिसायचं नाही."

"आकडी नीट चालते ना?" तिनं विचारलं.

"एकदम झकास."

"बरं," ती म्हणाली, आणि पाकिटं पिशवीत घालून उतार उतरू लागली.