खंडेनवमीला बंद ठेवलेली घंटी

माझ्या मेहुण्याच्या मानवतच्या कापसाच्या जिनिंगला दसऱ्याच्या संध्याकाळी आग लागली. ती विझायच्या आतच, ती कुणी लावली हे लोकांनी ठरवून टाकलं होतं. जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून बौद्ध वस्ती होती. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून तिथे सकाळपासून माणसं जमली होती, लाउडस्पीकर चालू होता. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद त्या वर्षांत मिटलेला नव्हता, आणि त्यापायी मराठवाड्यात अशाच वस्त्यांमधली घरं जाळली गेली होती. म्हणून मेहुणा पंचनाम्यात काय सांगतो यावर त्या वस्तीची रात्र कशी जाणार ते अवलंबून होतं. खरं काय झालं ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आमच्या भाडेकरूंना माहीत होतं. आदल्या दिवशीच्या यंत्रांच्या पूजेला हमालही हजर होते, पण मालकाच्या आधी ते तोंड उघडणार नव्हते.

भाडेकरू म्हणजे परभणीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत राहणारे गणिताचे प्राध्यापक. पीएचडी करत होते. त्यांच्या गणितात आकडे फारसे नव्हते, ठिपके आणि बाण होते. वस्तूच्या आत काय आहे ते बघायचं नाही, तिच्याकडून दुसरीकडे कोणते बाण जातात आणि तिच्याकडे कोणते येतात तेवढंच बघायचं, असं ते सांगायचे. मी वजनमापे खात्यात काटे तपासायचो. मला हे विचित्र वाटे, कारण काट्याच्या आत काय आहे हे बघण्याचाच मला पगार होता. ते हसायचे आणि म्हणायचे, तुम्ही वजनाकडून काट्याकडे जाणारा बाण तपासता, फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही.

हे बाण त्यांना आमच्या औद्योगिक वसाहतीवर लावून बघायचे होते. एखादी नवी युक्ती एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये कशी जाते, हा त्यांचा विषय. सायकलवरून ते तेलगिरण्या, मोटार रिवाइंडिंगची दुकानं, लेथ कारखाने फिरत, आणि एसटीने मानवतला माझ्या मेहुण्याकडेही जात. तिथेच त्यांना ती घंटी सापडली.

कापसात ठिणगी गेली की तो लगेच पेटत नाही. ठिणगी आत बसते. जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, खडा सापडून उडालेली ठिणगी रुईच्या ढिगात दीड-दोन दिवस गुपचूप धुमसते आणि मग एकदम बाहेर येते. म्हणून मेहुणा रोज संध्याकाळी लांब सळई घेऊन ढीग तपासायचा. सळई आत खुपसायची, थोडी थांबवायची, ओढायची आणि टोकाला हात लावायचा. नंतर तेलगिरणीतल्या एकाने उष्णतेने वाकणारी पट्टी दिली, रिवाइंडिंगवाल्याने रिले जोडला, बंद पडलेल्या टॉकीजमधली घंटी आली, आणि ढिगात खुपसलेल्या नळ्यांवर हे सगळं बसलं. ऊब वाढली की घंटी वाजायची. ही युक्ती कुणाची, असं प्राध्यापकांनी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. ते इतके खूश झाले की आमच्याकडे येऊन जेवता जेवता त्यांनी ते तीनदा सांगितलं.

पुढे एकदा घंटी खरी वाजली. ढीग उपसला तर आत काळं पडलेलं निघालं. त्या दिवसापासून मेहुणा तिच्याबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोलू लागला. मला म्हणाला, "दाजी, तिला कळतंय. तुमच्या काट्याला तरी कळतं का?"

मी म्हणालो, काटा वजन सांगतो, पण वजन त्याला कळत नाही. यावर प्राध्यापकांचं म्हणणं असं की यंत्राला कळतं की नाही हा प्रश्न आतल्या बाजूचा आहे, तो सोडून द्या. त्यांनी कागदावर तीन ठिपके काढले. कापूस, घंटी, माणूस. कापसाकडून घंटीकडे एक बाण, घंटीकडून माणसाकडे दुसरा. कापसाकडून थेट माणसाकडे येणारा तिसरा बाण म्हणजे मेहुण्याची सळई. पहिले दोन जोडले की तिसऱ्याचंच काम होतं, म्हणून तिसरा वेगळा दाखवायची गरज नाही, असं म्हणून त्यांनी तो खोडला. मेहुण्याने कागद बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून सळई फिरवणं बंद केलं. दोन्ही वाटा कधी एकदम बंद झाल्या तर, असं मी विचारलं. सळई तर भिंतीलाच उभी आहे, कुठे जाते, असं तो म्हणाला.

खंडेनवमीला मी, बायको आणि प्राध्यापक मानवतला होतो. बायकोचं ते माहेर, आणि प्राध्यापकांना यंत्रांची पूजा बघायची होती. आदल्या संध्याकाळपर्यंत जिन चालले होते. मग सगळं धुऊन पुसून हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूजलेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही तिथली रीत. सळईलाही माळ घातली होती. घंटीच्या डब्यापाशी आल्यावर मेहुण्याने त्यालाही कुंकू लावलं आणि बटण खाली केलं.

मी म्हणालो, "हे पण बंद?"

"राबतंय की तेबी. एक दिवस इसावा घेऊ द्या."

प्राध्यापक हसले. यंत्राला कळतं म्हणून त्याला सुट्टी, हे त्यांना फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून आम्ही परत येत होतो तेव्हा पत्र्यातून धूर निघत होता. मग पत्रे तडकू लागले. वस्तीतली पोरं मागच्या भिंतीवर चढली आणि बादल्या आत ओतू लागली. पुढच्या बाजूने आमच्याच माणसांनी ते पाहिलं, आणि गावात जे पोहोचलं ते एवढंच की वस्तीतली पोरं भिंतीवर होती. बंब येईपर्यंत शेड गेली होती. कुणी दगावलं नाही.

दिवस मावळताना मी मागच्या बोळातून गेलो. लाउडस्पीकर बंद होता. बायका गाठोडी बांधत होत्या. एक म्हातारी मला ओळखायची. तिने सुनेला नातवंडं घेऊन पिंगळीला बहिणीकडे पाठवलं होतं. मला बघून ती आत गेली आणि तिने दार लावलं.

मेहुण्याच्या घरी पोलीस जमादार येऊन बसला होता. अंगणात मेहुण्याचे भाऊबंद, आडते, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं. मेहुण्याला मी आतल्या खोलीत नेलं. प्राध्यापकही आले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, ठिणगी परवाच आत गेली असणार, आणि काल आपण तिघांनी बटण बंद होताना पाहिलं.

मेहुणा म्हणाला, "देवाचं म्हणून बंद केलं. त्यानंच जाळलं म्हणू का लोकायला?"

"देवाने नाही. बटण बंद होतं, एवढंच म्हण."

"हसतील, दाजी. आन ते बाहेर बसलेत त्यायला हे ऐकायचंच न्हाई."

"त्यांना काय ऐकायचंय ते मला कळतंय. म्हणूनच सांग."

तो हात चोळत राहिला. राख लागलेली होती, ती जात नव्हती. मग बाहेर जाऊन उभ्यानेच त्याने जमादाराला सांगितलं, "घंटी मीच बंद केलती. आग आतूनच हाय. भिंतीवरचे पोरं इझवायला आलते." हमालांनी लगेच माना हलवल्या.  अंगणातून एकेक जण उठून गेला, पण घराकडे न जाता ते चौकात जाऊन उभे राहिले. जमादाराने दोन शिपाई बोळाच्या तोंडाशी बसवले. त्या रात्री काही झालं नाही.

प्राध्यापकांनी प्रबंधात तो भाग पुरा केला नाही. घंटीची युक्ती ज्या वाटांनी पसरली होती, म्हणजे चहाचं हॉटेल, एसटी, सुट्या भागांचं दुकान, त्याच वाटांनी आगीची बातमी गेली होती. ते ती शोधत गेले आणि जिथे जिथे पोहोचले तिथे भिंतीवरची पोरं आधीच पोहोचलेली होती. बटण कुठेच पोहोचलं नव्हतं. पुढच्या वर्षी बदली घेऊन ते गेले.

वस्तीतले बरेच लोक परत आले, पण त्या म्हातारीची सून आली नाही.

काही महिन्यांनी मी काटे तपासायला सोनपेठच्या बाजाराला गेलो. एका धान्यवाल्याने मानवतचा विषय काढला आणि जिनिंग वस्तीवाल्यांनी कशी पेटवली ते मला सविस्तर सांगितलं. मी म्हणालो, मी तिथे होतो, ती माझ्या मेहुण्याची जिनिंग, आणि त्याने स्वतः जबाब दिलाय. धान्यवाल्याने ते नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "द्यावाच लागला असंल, सायेब. तुमाला बी असंच बोलावं लागत असंल. आमाला समजतंय."