तलावाच्या बांधावरची मीटिंग

डोळ्याच्या ऑपरेशनला आईला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो तो मीच. ऑपरेशन झाल्यावर तिला बाकड्यावर बसवलं, "गोळ्या घेऊन आलोच" म्हणालो आणि बाहेर जाऊन पीत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो तर बाकडं रिकामं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माझ्या आईला कुण्या अनोळखी बाईनं भोकरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. आई त्यावरून मला एक शब्द बोलली नाही. आजतागायत नाही.

मग मेहुण्यांनी मला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. तीन महिन्यांनी निघताना तिथल्या समुपदेशक बाईंनी माझ्या मोबाईलवर दारू सोडणाऱ्यांच्या ऑनलाइन मीटिंगची लिंक पाठवली. "गावात तुम्हाला पाजणारे शंभर भेटतील. रोज संध्याकाळी सातला इथं येत जा," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात रेंज नाही. पाझर तलावाच्या बांधावर येते. रोज सातला मी तिथं इयरफोन घालून बसायला लागलो. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. नाव सांगायचं नाही; तालुका सांगायचा आणि न पिता किती दिवस झाले ते. गावात लगेच बोभाटा झाला. कुणी म्हणे रमी खेळून राहिला, कुणी म्हणे बाईचं लफडं हाय. एके दिवशी बायकोच मागं येऊन उभी राहिली. मी इयरफोन काढला आणि आवाज मोठा केला. देवणीचा एक माणूस सांगत होता, लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर आपण पिऊन कसे पडलो आणि सोयरीक कशी मोडली. बायको हातभर अंतर ठेवून बसली. संपेपर्यंत बसली. उठताना म्हणाली, "सगळे तुमच्यासारखेच हायत की."

त्या देवणीवाल्यांना मी पुढं काका म्हणायला लागलो. आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. रोज सकाळी मी बांधावर गेलो की त्यांचा फोन यायचा.

"कसा हायस?"

"कोराच हाय, काका."

"मी बी."

एवढ्या बोलण्यावर आम्ही दोघांनी न पिता सव्वा वर्ष काढलं.

एका सकाळी फोन आला नाही. मी केला, तर उचलला नाही. चार दिवस वाट बघितली आणि उदगीरमार्गे देवणी गाठली. जनावरांच्या दवाखान्यामागं घर असल्याचं ते कधीतरी बोलले होते. ओसरीत एक वाळलेला माणूस पालथा पडलेला होता. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"पुतण्याच्या लग्नात पाजली," त्यांची बायको म्हणाली. "आजच्या दिवस घे, काय होत न्हाई, म्हणले. तवापासून हेच चालू हाय. तुम्ही कोण?"

"भोकरचा. फोनवरचा."

तिनं त्यांना हलवलं. "अहो, भोकरवाले आलेत." काकांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मी वळखत न्हाई ह्याला. जाऊ दे म्हणावं."

उदगीरला बस बदलायला उतरलो. समोरच दारूचं दुकान होतं. पाय तिकडं कधी वळले कळलंच नाही. दाराशी पोचल्यावर बायकोला फोन लावला. ती तलावाखालच्या रानात कापूस वेचत होती, म्हणून लागला.

"मी दुकानापुढं उभा हाय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बस कधी हाय?"

"अर्ध्या तासानं."

"मग फोन ठेवू नका. मागं फिरा. स्टँडात जाऊन बसा."

आम्हा नवरा-बायकोला बोलायची सवय नव्हती. ती कापसाच्या किडक्या बोंडांचं सांगत राहिली, शेळी लंगडून राहिली ते सांगत राहिली. मधेच तिचा आवाज फुटला, नाक ओढल्याचं ऐकू आलं, तरी ती शेळीचंच बोलत होती. बस लागली. मी चढलो.

काका दोन महिन्यांनी गेले. अंग पिवळं पडलं, पोटात पाणी झालं. कळवायला त्यांच्याच बायकोनं फोन केला. शेवटी ती म्हणाली, "तुमची ती लिंक माझ्या भावाला पाठवता का? त्यो बी लई पिऊन राहिला."

मी पाठवली. भावानं ती अजून उघडलेली नाही.