इंजिन की पदवी

कॉमर्स कॉलेजात आम्हाला कंपन्यांचं भांडवल शिकवणारे सर सज्जन होते, पण त्यांच्या उदाहरणांतल्या गिरण्या सगळ्या इंग्लंडातल्या. एकदा मी जांभई दिली आणि त्यांनी ती पाहिली. लगेच फर्मान निघालं, उद्या आपापल्या घरातला एक खरा निर्णय आणा. पैसा एकच, वाटा दोन. तो कुठे घालाल ते आकड्यांनी पटवा.

अंधेरीला आमच्या घरी वडील सरकारी कारकून, निर्णय घ्यावेच लागत नसत. मी आपला कागदावरच एक साबणाचा कारखाना काढला. माझ्या शेजारी बसणारा मित्र वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. त्याने फळ्यावर एकीकडे लिहिलं, होडीला इंजिन. दुसरीकडे लिहिलं, मी. पदवीला दोन वर्षं होती आणि घरचा पैसा एकालाच पुरणार होता. वर्ग हसला. मग त्याने इंजिनामुळे वाढणारी मासळी मांडली, स्वतःचा होऊ घातलेला पगार मांडला, आणि हसू थांबलं. सर आकडे उलटेपालटे करून पाहत राहिले. चूक सापडावी असं त्यांना फार वाटत होतं, पण इंजिनच सरस ठरलं.

"नारळी पुनवेआधी इंजिन सांगायला हवं," तो बाहेर म्हणाला. "मी कॉलेज सोडतो."

"वेडा आहेस का रे?"

"फळ्यावर बघितलंस ना तू?"

मला त्याचा भयंकर राग आला. रविवारी मी सरळ त्याच्या वडिलांना गाठलं. पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या आणि ते ओटीवर जाळं सांधत बसले होते. शिक्षणाच्या महतीवर मी भाषणच पाठ करून गेलो होतो. मित्र तोंड पाडून दाराशी उभा.

माझं भाषण सुरू होण्याआधीच ते म्हणाले, "याचा हिशेब बरोबर असंल. पन मी इंजिन घेनार नाय."

"का, काका?"

"घेतला, तं चालवाला यो येल. मना याला दर्यावर न्यायचा नाय."

"आणि तुम्ही शीड ओढत मरा," मित्र म्हणाला. त्यांनी जाळ्याची पुढची गाठ ओढून घट्ट केली.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शिडाच्याच होडीने मासेमारीला गेले. होडी पाण्यात ढकलून मित्र तसाच वर्गात आला, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. वही उघडून बसला खरा, पण दिवसभर त्याने एक अक्षर लिहिलं नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना.