सरांच्या यादीतलं नाव

देवानं माणसाला तोंड जेवायला आणि बोलायला दिलं, यावर आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते ते सर्वेक्षणाला उत्तर द्यायला दिलेलं होतं. भूकंपात त्यांचं गाव पडलं तेव्हा ते बायकोला घेऊन लातूरला आले. पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले आणि एका क्लासात ते गणित, मी रसायनशास्त्र शिकवू लागलो. पण निवडणूक आली की सर रजा टाकून मतांचा कौल घेत हिंडायचे. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, सर म्हणायचे, "शीत कुठलंबी चालंल, पण आधी भात हलवावा लागतो." बाजारात आंबे घेतानाही ते पाटीच्या पार तळात हात घालायचे. वरचा आंबा म्हणजे विकणाऱ्याचं मत, असं त्यांचं म्हणणं. एक आंबेवाली शेवटी वैतागून म्हणाली, "मास्तर, आंबे घ्यायलाव का इहीर खांदायलाव?"

मतदार यादीतून ठरावीक अंतरानं निघालेलं नाव त्यांना देवाच्या ठिकाणी. ते बदलायचं नाही, त्याच्याऐवजी शेजाऱ्याला विचारायचं नाही. देवणीच्या एका म्हाताऱ्यासाठी त्यांनी चार खेपा घातल्या. एकदा तो बाजाराला गेलेला, एकदा लेकीकडे, एकदा झोपलेला. चौथ्यांदा सापडला, तर त्यानंच सरांना तासभर प्रश्न विचारले! मतदान केंद्राबाहेर घेतलेला कौल देशातलं शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे. ही बंदी सरांनी स्वतःच्या तोंडालाच लावून घेतली होती. त्या दिवसांत "चहात साखर बरोबर हाय का?" असं विचारलं तरी ते नुसते हसायचे. असल्या वेळी मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एका निवडणुकीला त्यांनी मलाही कामाला जुंपलं. आमच्याच गल्लीची यादी निघाली आणि तीत नाव आलं सरांच्या बायकोचं. मी म्हटलं, पुढचं नाव घेऊ. सर असे बघू लागले, जणू मी मतपेटीच पळवायला निघालो होतो. "घरच्याचा फारम घरच्यानं भरायचा न्हाई. तुमी जावा," असं म्हणून ते गल्लीच्या टोकाला कट्ट्यावर पाठ करून बसले.

शेजारी असून वहिनी माझ्याशी कधी चार शब्दांच्या वर बोलल्या नव्हत्या. मत कोणाला, ते त्यांनी चिठ्ठीवर खूण करून माझ्याजवळच्या बंद पेटीत टाकलं. मग मी विचारलं, मत ठरवताना घरात कोणाचा सल्ला घेता? "कुणाचा घिऊ? हे तर चहाचंबी सांगनात." पाणी, दवाखाना, रस्ता, सगळ्यावर त्यांना सांगायचं होतं, लिहून लिहून माझी बोटं दुखली. शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का?' असा रकाना होता. तो बहुतेक लोक मोकळाच सोडतात. वहिनींनी तो सोडला नाही.

"गाव सोडायचं का, हे मला कुणी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तितं पत्र्याच्या शेडमधी ऱ्हायले असते मी. माझ्या माणसांत ऱ्हायले असते. लिवा हे."

मी लिहिलं.

कट्ट्यावर सरांनी विचारलं, "मोकळं काई ऱ्हायलं न्हाई ना?"

"नाही. शेवटचा रकानासुद्धा भरलाय."

"शेवटचा? काय म्हणली?" असं विचारलं आणि लगेच स्वतःच हात आडवा केला. "नगा सांगू. कुणाचं उत्तर कुणाला सांगायचं न्हाई." मग हळूच म्हणाले, "पण बोलली?"

"पाऊण तास."

"घरात कदी बोलत न्हाई ती," सर म्हणाले, "म्हणून मी तिला कायम 'मत नाही'च्या रकान्यातच धरत आलो."

एरवी मी त्यांची थट्टा केली असती. त्या दिवशी झाली नाही. ते उठले, घरापर्यंत गेले आणि स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर चपला काढून परक्यासारखे उभे राहिले.

"टाइम हाय का? थोडं इचारायचं व्हतं."

आतून वहिनींचा आवाज आला, "बसा. पण मला लई सांगायचं हाय."