न बांधलेलं ओझं

त्या वर्षी श्रावणातल्या सोमवारी मी औंढ्याला गेलो तो नागनाथाच्या दर्शनाला नव्हे, त्याच्याशी भांडायला.

माझी सखू तेव्हा आठ वर्षांची. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय लुळे पडले. नवस झाले, अंगारे झाले, पाय हलले नाहीत. अक्षरांची भूक मात्र अशी, की कुणाची पाटी दिसली की सरपटत जाऊन हात लावायची. चार अक्षरं शिकली तर आमच्यामागं कुणाच्या दारात पडायची नाही, एवढीच माझी आशा. शाळा जवळा बाजारला, दीड कोसावर, आणि वाटेत ओढा. वर्षभर मी तिला पाठीवर नेलं. मग माझी कंबर धरली. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीची चाकं रुतत, म्हणून एका बैलावर घोंगडी टाकून तिला बसवलं आणि पडू नये म्हणून दोरखंडानं आवळून बांधलं. गाठ मी स्वतः दोनदा ओढून पाहिली.

तो औताचा बैल, जोडीदाराशिवाय कधी चाललेला नव्हता. ओढ्याच्या मध्यावर त्यानं मागं राहिलेल्या जोडीदाराचं हंबरणं ऐकलं, गर्रकन वळला, शेवाळावरून घसरला आणि कुशीवर पडला. बांधलेली पोर त्याच्यासंगं पाण्याखाली गेली. ओली गाठ सुटेना. कमरेच्या विळ्यानं दोर कापेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली, पण ओढा म्हटलं की थरथर कापू लागली. शाळा सुटली, बोलणंही जवळजवळ सुटलं. गाव म्हणे, देव तारी त्याला कोण मारी. मला त्या म्हणणाऱ्यांचा संताप येई. पोर तेव्हाच गेली असती तर सुटली असती, असंही एकदा मनात आलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

देवळाच्या पायरीवर मी रडत होतो. शेजारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक म्हातारा येऊन बसला.

“काहून रडून राहिला, पाटील? काय तकलीफ हाय?”

अनोळखी माणसापुढं मी सगळं ओकून टाकलं.

“वझं बैलाला बांधायचं न्हाई,” तो म्हणाला. “आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ न्यायचे. दोन्हीकडं बराबर गोणी, नुस्ती टाकलेली. बैल पडला तं गोणी सुटती. आमची लेकरंबी तशीच हिंडली. म्या रोज जळतन घेऊन तुमच्याच गावावरून जवळा बाजारला जातो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं होतं. तो माणूस रोज माझ्या दारावरून जात होता आणि तांड्याचा म्हणून मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला बैल घेऊन आला. एका गोणीत लाकडं, दुसरीत घोंगडीच्या घडीवर बसवलेली सखू. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सखूनं गोणीची कड घट्ट धरली, पण रडली नाही. मी काठी घेऊन निघालो तर त्यानं अडवलं. “तुमी येऊ नका.”

मी लांबून ओढ्यापर्यंत गेलोच. म्हाताऱ्याचा बैल आपल्या चालीनं पाण्यात उतरला. माझ्या हातात दोर नव्हता, गाठ नव्हती, काहीच नव्हतं. नागनाथा, तुझं तूच बघ, एवढंच तोंडून निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडं काही मागितलं नाही. बैल पलीकडं चढला, तरी माझे पाय तिथून हलेनात.

दिवस कलता ती परत आली. मी तिला गोणीतून उचलून घेतलं आणि विचारलं, भ्याली का?

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमी न्हवता नं, आबा. तुमी लई भेता.”

तिचे पाय आजही तसेच आहेत. म्हाताऱ्यानं तिला दोन वर्षं नेलं, मग तो गेला. तोवर ती पोथी वाचू लागली होती. तो कोण होता, देवानं धाडला की नुसता सोमवारचा देवाला आलेला माणूस, हे मी कधी ठरवलं नाही. मी दोघांनाही हात जोडतो. माझ्या लेकराला बुडवणारी गाठ माझ्याच भ्यालेल्या मायेची होती, हे मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं.